टेम्पोबरोबर पळणारा दिवा

मुलांनो, या आठवड्यात मी तुम्हांला मुंग्यांच्या वारुळाबद्दल सांगणार होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकललंय. कारण एक पत्र आलंय आणि त्याला उत्तर द्यायला उशीर करून चालणार नाही.

पत्र जुन्नर तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. ती सातवीत शिकते. नाव मी छापणार नाही, का ते पत्र वाचल्यावर कळेलच. तिचे बाबा दुसऱ्याच्या मालकीचा टेम्पो चालवतात. संध्याकाळी भाजी भरायची, आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरायचा आणि रात्री कल्याणच्या मार्केटला माल पोचवायचा, हे त्यांचं रोजचं काम. २०२५ च्या जानेवारीत, संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले असतील, साडेसातच्या सुमारास बाबा निघाले. समोरच्या काचेतून डाव्या अंगाला, आभाळात, एक पांढरा झगझगीत दिवा दिसला. आधी त्यांना वाटलं, डोंगरावरच्या टॉवरचा असेल. पण टेम्पो जाईल तसा तो दिवा बरोबर येत राहिला. वेग वाढवला तरी मागे पडेना. ओतूरला चहाला थांबले, तर तोही थांबला! पुन्हा निघाले, तोही निघाला. घाटाच्या वळणांवर कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी एकदम गायब. त्याच्याजवळ अगदी बारीक असा दुसरा दिवाही होता. शेवटी नऊच्या आसपास दोन्ही दिवे डोंगराच्या मागे उतरले.

बाबांनी ही गोष्ट गावात पारावर सांगितली आणि तिथेच घोटाळा झाला. लोक त्यांना 'तबकडीवाला' म्हणायला लागले. शाळेत मुलं हिला विचारतात, "काय गं, तुझ्या बाबांना परग्रहावरचे पाहुणे परत भेटले का?" इथपर्यंतही ठीक. पण टेम्पोच्या मालकानं बाबांना विचारलं, "गाडी चालवताना झोपला होतास का?" आणि आता तो दुसरा ड्रायव्हर बघतोय म्हणे. बाबा घरात कमी बोलतात. पत्राचा शेवट असा : "बाई, माझे बाबा खोटं बोलत नाहीत. पण तबकडी खरी नसते असं तुम्हीच एकदा लिहिलं होतं. मग दोन्ही खरं कसं असेल?"

असेल. दोन्ही खरं असेल. कसं ते आता पाहू.

तुम्ही एस.टी.च्या खिडकीशी बसला असाल. रस्त्याकडेची बाभळीची झाडं सपासप मागे पळतात. जरा लांबचं शेत, त्यातली विहीर, सावकाश मागे जाते. दूरचा डोंगर तर बराच वेळ तिथेच उभा असतो. आणि चांदोबा? तो मागे जातच नाही! लहान असताना आपल्या सगळ्यांना वाटतं, चंद्र आपल्याच गाडीबरोबर येतोय. शेजारच्या गाडीतल्या मुलालाही तसंच वाटत असतं, हे आपल्याला तेव्हा ठाऊक नसतं. जी वस्तू जवळ, तिची दिशा आपण पुढे सरकलो की झटकन बदलते. जी लांब, तिची हळूहळू. आणि जी फारच लांब, तिची दिशा बदलल्याचं डोळ्यांना कळतच नाही. मग डोकं काय करतं? झाडं मागे गेली, डोंगर मागे गेला, हा दिवा गेला नाही, म्हणजे हा आपल्याबरोबर पळतोय, असं ठरवून मोकळं होतं. आपण थांबलो की झाडं थांबतात आणि दिवाही 'थांबतो'. रस्ता वळला की तो डावीकडून उजवीकडे 'उडी मारतो'. उडी टेम्पोनं मारलेली असते.

आता असा लांबचा, पांढरा, झगझगीत दिवा कोणता? मी जानेवारी २०२५ चं पंचांग काढून पाहिलं. त्या दिवसांत शुक्र आणि शनी दोघेही कुंभ राशीत होते आणि १८-१९ जानेवारीच्या संध्याकाळी एकमेकांच्या अगदी जवळ आले होते. हात सरळ लांब करून अंगठा आडवा धरलात तर अंगठ्याच्या रुंदीएवढंच अंतर. सूर्य मावळल्यावर ते पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून दिसत. आपल्याकडे शुक्र तेव्हा साडेनऊच्या पुढे मावळत होता. डोंगर आडवा असेल तर त्याच्याही आधी नजरेआड होणार. पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झालेले, त्यामुळे चंद्र उगवायला दहा वाजत. म्हणजे आभाळ काळंभोर. अशा आभाळात शुक्र किती चमकतो? रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा व्याध, त्याच्या पंधरा पटींहून अधिक! नवख्या माणसाला तो ग्रह वाटतच नाही, कोणीतरी टॉर्च धरलाय असं वाटतं. तो त्या दिवशी आपल्यापासून सुमारे दहा कोटी किलोमीटरवर होता. टेम्पो चाळीस किलोमीटर गेला काय आणि चारशे गेला काय, त्याला काय फरक पडतो?

बघा, वेळ जुळली. दिशा जुळली, कारण आळेफाट्याहून घाटाकडे रस्ता साधारण पश्चिमेलाच जातो. मावळायची वेळ जुळली. पण मला सगळ्यांत आवडलं ते काय, सांगू? तो 'बारीक दुसरा दिवा'. तो शनी. बाबांना शनीची युती वगैरे काही माहीत नव्हती. तरी त्यांनी ते पाहिलं, लक्षात ठेवलं आणि जसंच्या तसं सांगितलं. झोपेतला माणूस एवढं सांगू शकत नाही. पारावरच्या मंडळींच्या डोक्यावरही त्याच संध्याकाळी तोच शुक्र होता की! त्यांतल्या किती जणांनी मान वर केली होती?

शुक्रानं फसवलेली माणसं साधीसुधी नाहीत बरं का. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांनी १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या लिअरी या लहान गावात, एका सभेच्या आधी बाहेर उभे असताना, पश्चिमेकडे एक तेजस्वी दिवा पाहिला. बरोबर दहा-बाराजण होते. कार्टर नौदलात शिकलेले, अणुशक्तीचं प्रशिक्षण घेतलेले. १९७३ मध्ये, राज्यपाल असताना, त्यांनी त्याबद्दल लेखी माहिती दिली आणि महिना लिहिला ऑक्टोबर. पुढे एका अभ्यासकानं त्या सभेच्या नोंदी शोधल्या, तर ती सभा ६ जानेवारीला झालेली! आणि त्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र चमकत होता. दुसऱ्या काहींचं म्हणणं, तो रॉकेटमधून मुद्दाम सोडलेल्या रसायनाचा चमकता ढग असावा. वाद आहे. पण चार वर्षांनी लिहिलं तर हुशार माणसाचाही महिना चुकतो, हे मात्र पक्कं.

दुसरी गोष्ट आपल्या पत्राच्या जास्त जवळची आहे आणि ती तेवढी हसरी नाही. १७ एप्रिल १९६६, पहाटे पाचची वेळ. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेल स्पॉर आणि विल्बर नेफ हे दोन पोलीस रस्त्याकडेला सोडून दिलेली एक मोटार तपासत होते. तेवढ्यात झाडीच्या मागून एक प्रखर प्रकाश वर येताना त्यांना दिसला. तो पूर्वेकडे सरकू लागला. ठाण्यावरून हुकूम मिळाला, पाठलाग करा! आणि सुरू झाली शर्यत. गाडी काही वेळा ताशी १६० किलोमीटरच्या वर गेली. वाटेत दुसऱ्या गावचा एक पोलीस सामील झाला. राज्याची हद्द ओलांडून ते पेनसिल्व्हेनियात शिरले, तिथे आणखी एकानं तो प्रकाश पाहिला. सुमारे १३५ किलोमीटर धावून झाल्यावर पाठलाग थांबला, उजाडलं होतं.

अमेरिकेच्या हवाई दलाचं तेव्हा अशा तक्रारी तपासणारं एक खातं होतं, 'प्रोजेक्ट ब्लू बुक'. त्यांनी निकाल दिला : यांनी आधी 'एको' नावाचा उपग्रह पाहिला आणि मग शुक्राचा पाठलाग केला. त्या दिवसांत शुक्र खरोखरच पहाटे पूर्वेला होता आणि पोलीस पूर्वेकडेच धावत होते. पण स्पॉरना ते पटलं नाही. ते म्हणत, त्या वस्तूनं जमीन उजळली होती, तिचा गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. शुक्र कधी गुणगुणतो का? प्रश्न बरोबर आहे. त्याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर त्यांना कोणी दिलं नाही. दिली ती थट्टा. वर्तमानपत्रवाले दारात, गावात हसू. काही महिन्यांत स्पॉर यांची पोलिसातली नोकरी सुटली, संसार मोडला. पाठलागात सामील झालेला तो दुसऱ्या गावचा पोलीसही नोकरी सोडून दूरच्या शहरात बस चालवायला गेला. तो प्रकाश शुक्र होता की आणखी काही, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. घालू देत. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चार पोलिसांनी जे पाहिलं ते सांगितलं, त्याची ही किंमत?

पालकांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. रात्री गाडी चालवणारा माणूस आपल्याला भाजी, दूध, वर्तमानपत्र पोचवतो. त्याला काही विचित्र दिसलं तर त्यानं सांगितलंच पाहिजे. उद्या त्याला रस्त्यात खरंच काही धोक्याचं दिसेल आणि हसतील म्हणून तो गप्प बसेल, ते आपल्याला परवडणार आहे का? पत्र लिहिणाऱ्या मुलीच्या बाबांच्या मालकांपर्यंत हा अंक पोचला तर त्यांनी शुक्र-शनीचा परिच्छेद दोनदा वाचावा, एवढी विनंती.

आता 'तबकडी' या शब्दाकडे वळू. १९४७ मध्ये, २४ जूनला, केनेथ अर्नोल्ड नावाचा अमेरिकन माणूस स्वतःचं छोटं विमान उडवत असताना त्याला डोंगररांगेजवळ नऊ चमकत्या वस्तू वेगानं जाताना दिसल्या. त्या कशा हलत होत्या ते सांगताना तो म्हणाला, बशी पाण्यावर भिरकावली तर जशी टप्पे खात जाईल तशा. आपण तळ्यात चपटा दगड मारतो तसंच की! तो बोलला चालीबद्दल, वर्तमानपत्रांनी मथळ्यात घातली 'उडती बशी'. मग जो तो आभाळात बशाच बघू लागला. आपल्याकडे येईपर्यंत बशीची तबकडी झाली. खरं नाव आहे 'ओळख न पटलेली उडती वस्तू'. ओळख पटलेली नाही, एवढंच. शाळेच्या रजिस्टरमध्ये एखाद्या मुलापुढे 'पत्ता माहीत नाही' असं लिहिलं, तर तो मंगळावर राहतो असं आपण म्हणत नाही!

त्या ब्लू बुकवाल्यांनी १९६९ मध्ये काम बंद केलं तेव्हा त्यांच्याकडे १२,६१८ नोंदी होत्या. त्यांतल्या ७०१ सोडून बाकी सगळ्यांची ओळख त्यांच्या मते पटली : ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमानं. ७०१ ची नाही पटली. त्या नोंदींवर आपण प्रश्नचिन्ह ठेवू. प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवा माणूस काढायची घाई कशाला?

दर वेळी उत्तर शुक्रच असतं असं समजू नका हं. आम्हां अकोल्याकडच्या लोकांना विचारा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मी माहेरून स्कूटरवर परत येत होते, मागे माझी मुलगी. पावणेआठ वाजले असतील. मुलगी ओरडली, "आई, विमान जळतंय!" मी आधी गाडी रस्त्याच्या खाली घेतली, स्टँडवर लावली आणि मग वर पाहिलं. उत्तरेच्या आभाळातून पूर्वेकडे, एकामागून एक, शेपट्या असलेले पिवळे-तांबडे गोळे आडवे चालले होते. अजिबात आवाज नाही. घाईही नाही, वरातीसारखे. अंगावर काटा आला, हे मी लपवत नाही. रस्त्यावर पाच-सहा गाड्या थांबल्या. एक आजोबा हात जोडून उभे होते, एक मुलगा मोबाइल काढत होता, एक बाई म्हणाल्या, "युद्ध सुरू झालं की काय!"

उल्का असती तर एक-दोन सेकंदांत संपली असती. उल्का फार वेगानं येतात, सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यंत्राचा वेग त्याहून कमी, सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर. तो हवेत आडवा शिरतो, साधारण ८० किलोमीटर उंचीवर समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, यंत्राचे तुकडे होतात आणि ते एकामागे एक जळत जातात. म्हणून ती वरात. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ धातूची एक भलीमोठी कडी पडलेली सापडली, व्यास सुमारे तीन मीटर. जवळच्या भागात धातूचा गोळाही मिळाला. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं की हे चीनच्या 'चांगझेंग ३-बी' रॉकेटचे भाग असावेत. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. म्हणजे वर्षभर डोक्यावर घिरट्या घालून ते भंगार पाडव्याला खाली आलं. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब! असं काही शेतात पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचं नाही. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. पोलीस पाटलांना सांगायचं आणि लांब उभं राहायचं.

सोमवारी वर्गात दुसरा विषयच नव्हता. मी म्हटलं, आधी कोणी कोणाशी बोलायचं नाही, प्रत्येकानं पाटीवर लिहा : किती गोळे, किती वेळ, कुठून कुठे. पाट्या उलट्या करून ठेवायला लावल्या, मग एकदम वाचल्या. गोळे चारपासून बारापर्यंत! वेळ 'दहा सेकंद' ते 'पाच मिनिटं'! एकजण तर म्हणाला, गोळा आमच्या चिंचेला घासून गेला. कोणीच खोटं बोलत नव्हतं. दिशा मात्र जवळजवळ सगळ्यांची एकच होती. डोळे दिशा बरी सांगतात. अंधारातल्या दिव्याचं अंतर त्यांना मुळीच सांगता येत नाही, कारण आजूबाजूला मापायला झाड नाही, घर नाही. आणि वेळ तर भीतीत रबरासारखा ताणतो.

डोळ्यांची आणखी एक खोड घरीच पाहता येईल. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, खोलीच्या एका टोकाला अगरबत्ती लावून पक्की खोचून ठेवा आणि दुसऱ्या टोकाला बसून तिच्या लाल ठिपक्याकडे एकटक बघा. मिनिटभरात ठिपका हळूच सरकल्यासारखा वाटेल, कोणाला वर, कोणाला बाजूला. अगरबत्ती जागची हललेलीही नसते.

हल्ली आणखी एक गंमत झाली आहे. मे २०१९ पासून 'स्टारलिंक' नावाचे उपग्रह डझनांनी एकदम सोडले जातात. सोडल्यावर काही दिवस ते आगगाडीच्या डब्यांसारखे एका ओळीत दिसतात. ओळ दिसली, दिवे सारख्या वेगानं चालले आहेत, लुकलुकत नाहीत, आणि एकेक करून अंधारात विझतात, तर ते हेच समजा. विझतात म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरतात.

आता पत्र लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीला. बाई, तू बाबांना हा अंक वाचून दाखव. वाचताना 'तुम्हांला भास झाला' असं म्हणू नकोस. भास झाला नव्हता. शुक्र तिथे होता, शनी तिथे होता, टेम्पोही तिथे होता. त्यांना एक विचार : लहान दिवा मोठ्याच्या कोणत्या बाजूला होता, वर की खाली? मला कळव. आणि हेही सांग की दिवा कितीही सुंदर असला तरी घाटात नजर रस्त्यावर. बघायचंच असेल तर टेम्पो बाजूला, हँडब्रेक ओढून. शुक्र आठ वर्षांनी आभाळात जवळजवळ त्याच जागी परत येतो. २०३३ च्या जानेवारीत, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तो पुन्हा समोर असेल. शनी मात्र तिथे नसेल, त्याला एक फेरी मारायला एकोणतीस वर्षांहून जास्त लागतात.

बाकीच्यांनीही आभाळात काही वेगळं दिसलं तर कळवा. पण त्याच दिवशी, कोणाशी चर्चा करण्याआधी लिहून काढा. तारीख आणि घड्याळात पाहून वेळ, तोंड कोणत्या दिशेला होतं, हात लांब करून धरलात तर ते किती बोटं उंच होतं, आवाज होता का, कसं नाहीसं झालं. चित्र काढलंत तर फारच छान. तबकडीचं नको, जे दिसलं त्याचं.

पुढच्या आठवड्यात वारूळ नक्की.